सातवा देठ

सहा ताटल्यांत सात तुकडे वाढून झाले आणि घरात कुणालाच भूक उरली नाही.

तेक्ला टेबलाच्या टोकाशी बसली होती. नवरा गेल्यापासून ती जागा तिची. तिने मान पार डावीकडे वळवली, टेबलाची कड शोधली आणि तिथून हळूहळू उजवीकडे येत एकेकाचं तोंड पाहून घेतलं. हे तिला डॉक्टरांनी शिकवलं होतं. आधी डावी कड, मग बाकीचं जग. तसं केलं नाही, तर डावीकडची माणसं काळोखात जात नसत, अस्पष्टही होत नसत, ती नसतच. बहीण फेलित्सिया होती, मुलगी बोग्ना होती, जावई लुत्सियान होता. उजवीकडे मुलगा रोमेक. सून दोरोता मात्र मीठ आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेली होती आणि मीठ टेबलावरच होतं.

मार्च महिन्यात तिच्या डोक्यातून, मागच्या उजव्या बाजूने, अक्रोडाएवढी गाठ काढली होती. ऑपरेशन छान झालं असं सगळे म्हणाले आणि ते खरंही होतं. गाठ गेली, आणि जाताना डावीकडचं सगळं घेऊन गेली. असं होऊ शकेल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. डोळे दोन्ही ठणठणीत, पण डोळ्यांनी पाहिलेलं जिथे पोचतं त्या जागेचा एक कोपरा गेला, म्हणून दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली. हे तेक्लाला एका बैठकीत समजलं होतं. घरच्यांना सहा महिन्यांत समजलं नव्हतं. फेलित्सिया अजून सांगायची, की तो डावा डोळा मिटूनच घेत जा ना, उगाच त्रास कशाला देतेस त्याला. घड्याळ पाहिलं तर बारा ते सहा एवढेच आकडे, समोरच्याच्या नाकाकडे पाहिलं तर त्याचा एकच कान. तेक्लाला वाटायचं, काही माणसांच्या बाबतीत हे पुरेसंही आहे.

आज तेवीस सप्टेंबर, संत तेक्लाचा दिवस, म्हणजे तिच्या नावाचा दिवस. ह्या दिवशी ह्या घरात 'कान्या' तळल्या जातात. कान्या म्हणजे ताटलीएवढी रुंद छत्री असलेली रानातली अळंबी. तिचा देठ लाकडासारखा चिवट, म्हणून तो टाकून द्यायचा आणि छत्री अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून लोण्यात परतायची. दरवर्षी तेक्ला पहाटे एकटी रानात जायची आणि टोपली भरून यायची. यंदा ती जाणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बोग्ना तोरून शहरातून भाजलेली कोंबडी घेऊन दहा वाजता आली, तेव्हा आई ओट्याशी उभी राहून सात छत्र्या पुसत होती.

कोंबडी अजून पडवीतच होती.

आपण यंदाही रानात का गेलो हे तेक्लाला पक्कं माहीत होतं. आज जेवण झाल्यावर, केक कापला की विषय निघणार होता. बोग्नाने तोरूनमध्ये आपल्या घराजवळ आईसाठी तळमजल्यावरचा फ्लॅट पाहून ठेवला होता. दाराशी पायरी नाही, समोर औषधाचं दुकान, खिडकीतून दिसायला बसचा थांबा. बोग्नाने पडद्यांची मापंसुद्धा घेतली होती. हे सगळं तेक्लाला फेलित्सियाने सांगितलं होतं, अर्थात कुणालाही सांगायचं नाही असं बजावून. आणि गंमत अशी, की ह्या बेतात रोमेक आणि बोग्ना एक होते. वडिलांच्या मधमाश्यांच्या पेट्यांवरून दोन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी ही भावंडं आता गाडीत बसून हळू आवाजात बोलत. पाद्रीबाबांना जे जमलं नाही ते एका गाठीने करून दाखवलं होतं.

तेव्हा आज ह्या ताटल्या रिकाम्या झाल्या असत्या, तर तेक्ला म्हणणार होती, बघा, दिसतंय मला जेवढं दिसायला हवं तेवढं. मग फ्लॅटचं नाव काढायची कुणाची छाती झाली नसती. न झाल्या, तर तिला काही बोलायची सोयच उरणार नव्हती.

"घ्या ना," ती म्हणाली. "गार झाल्यावर चामडं होतं त्याचं."

लुत्सियान दरवर्षी दोन तुकडे खायचा आणि तिसऱ्याकडे बघत राहायचा. आज त्याने पोटावर हात ठेवला. पित्ताशय, आई. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. कधीपासून, असं तेक्लाने विचारल्यावर तो म्हणाला, गुरुवारपासून. बोग्नाने गहू सोडला होता, त्यामुळे पावाचा चुरा चालत नव्हता. मगाशी तिने पडवीत उभ्याने खाल्लेली बिस्किटं बहुधा दगडाची होती. रोमेकला गाडी चालवायची होती. त्याचा अळंबीशी काय संबंध हे तो सांगू शकला नाही, पण गाडी चालवायची आहे हे त्याने दोनदा सांगितलं. फेलित्सियाने नवस केला होता.

"कसला नवस?" तेक्लाने विचारलं.

"तुझ्यासाठीच गं. तू बरी व्हावीस म्हणून. तळलेलं सोडलंय मी."

"मग सकाळचे डोनट?"

"ते मी मोजत नाही," फेलित्सिया म्हणाली.

कारण उघड होतं आणि ते कुणी उच्चारणार नव्हतं. कान्याच्या जागी चुकून येणारी एक विषारी अळंबी असते, हिरवट-पांढरी. तिची चव उत्तम असते असं म्हणतात. ज्यांनी सांगितलं त्यांनी ते इस्पितळातून सांगितलं. खाल्ल्यावर त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी होतं, आणि तोवर यकृताचं व्हायचं ते होऊन जातं. ह्या भागात शाळेतली पोरंही हे जाणतात. आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलं, की वरून सगळ्या छत्र्या सारख्याच दिसतात.

तेक्लाने आपल्या तुकड्याचा घास कापला आणि खाल्ला. मग दुसरा. सगळे तिच्या जबड्याकडे पाहत होते. चार माणसं, आणि चौघांना एकदमच कळलं, की ह्याने काहीच सिद्ध होत नाही. डावीकडे काहीतरी हललं. लोकांचा समज होता, की तिच्या डाव्या हाताला बसलं की वाटेल ते करावं. तिने झटकन मान वळवली, तर लुत्सियान आपला एक तुकडा रुमालात गुंडाळत होता.

"घरी नेतोस?" तिने विचारलं.

"संध्याकाळी खाईन म्हटलं," लुत्सियान म्हणाला आणि तुकडा परत ताटलीत ठेवला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कचऱ्याच्या बादलीचं झाकण वाजलं. ते झाकण तेक्ला तीस वर्षं ऐकत होती. तिच्या कानांचं काही ऑपरेशन झालेलं नव्हतं. झाकण उघडलं, बराच वेळ उघडं राहिलं, मग बंद झालं. नळ चालू झाला. दोरोता हात पुसत आली आणि आपल्या जागी, रोमेकच्या पलीकडे बसली. दोरोता रेल्वेत तिकीट तपासनीस होती. बावीस वर्षं तिने लोकांचं हसणं न पाहता तिकीट पाहिलं होतं, आणि ती सवय ती घरीही घेऊन यायची. तेक्लाचं आणि तिचं कधी भांडण झालं नव्हतं. भांडण व्हायला जेवढी जवळीक लागते तेवढी नव्हती.

"मीठ मिळालं?" तेक्लाने विचारलं.

"मी मीठ शोधत नव्हते, आई. बादली बघितली. देठ बघितले."

रोमेकने बायकोच्या दंडावर हात ठेवला आणि तिने तो शांतपणे बाजूला केला.

"मग?"

"सहा आहेत. सगळे कान्याचेच. अंगावर सापासारखी नक्षी आहे, आणि देठाभोवतीचं कडं बोटाने वरखाली सरकतं." दोरोता थांबली. "पण तुकडे सात आहेत."

तेक्लाला गालांवर ऊन आल्यासारखं झालं. पन्नास वर्षं ह्या घराने तिच्या हातची अळंबी खाल्ली होती. शेजारचे आपापल्या टोपल्या तिच्याकडे घेऊन यायचे, आणि ती नजर टाकून म्हणायची, हे घे, हे फेक. आणि आता ही बाई तिच्या कचऱ्यात हात घालून तिचं तिकीट तपासत होती.

"सातवा देठ मी रानातच मोडून टाकला," ती म्हणाली. "किडका होता."

हे तिच्या तोंडून इतकं सहज निघालं, की तिचं तिलाच पटलं. आवाज जुना होता, मार्चच्या आधीचा. टेबलाभोवती सगळ्यांचे खांदे खाली आले. मग बोग्ना बोलली, आणि ती आईशी नाही, दोरोताशी बोलली.

"तू आमच्या आईच्या कचऱ्यात हात घातलास?"

"घातला."

"तिच्या नावाच्या दिवशी? आजारी बाईच्या?"

"आजारी आहे म्हणूनच घातला. तुला खात्री आहे तर खा ना तू. समोर आहे."

ह्यानंतर जे झालं ते ह्या घराण्याच्या रक्तातलंच होतं. बोग्नाने काटा उचलला. इतका वेळ जी ह्या तुकड्यापासून खुर्ची मागे सरकवून बसली होती, तिने तो मधोमध कापला, कारण दोरोता चुकीची ठरायला हवी होती. रोमेक म्हणाला, की दोरोता, हे अती झालं, आणि त्यानेही सुरी घेतली. गाडी चालवण्याचा प्रश्न कुठे गेला ते कळलं नाही. फेलित्सिया म्हणाली, नवसात अपवाद असतो. लुत्सियानचं पित्ताशय बायकोच्या नजरेने बरं झालं. एका वाक्यात सगळं कुटुंब तेक्लाच्या बाजूला आलं होतं. सहा महिने ती ज्याची वाट पाहत होती ते हेच.

"आमचा विश्वास आहे तुझ्यावर, आई," बोग्ना म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "बाहेरचे काय म्हणतील ते म्हणोत."

बाहेरच्या दोरोताने आपली ताटली थोडी दूर सारली. तेक्लाने तिच्याकडे पाहिलं, तर ती ना रागावलेली होती ना रुसलेली. ती फक्त आपल्या नवऱ्याच्या काट्याकडे पाहत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

आणि त्या चेहऱ्यामुळे तेक्लाला सातवी छत्री आठवायला लागली. सहा तिने रीतीने काढल्या होत्या. बोटं मातीत घालून, देठ मुळापासून फिरवून, खाली पिशवी नाही ना हे चाचपून. विषारी अळंबीच्या बुडाशी मातीत पांढरी पिशवी असते, म्हणून वरून कापायचं नाही, हे तीच सगळ्यांना शिकवत आली होती. सातवी जुनिपरच्या झुडपाखाली होती, डाव्या अंगाला. ती दिसली नव्हती; हाताला लागली होती. काट्यांमुळे बुडापर्यंत हात पोचेना, म्हणून सुरीने वरूनच, छत्रीला लागून, कापली होती. छत्रीवरचे तपकिरी खवले रात्रीच्या पावसाने धुऊन गेले होते. की खवले नव्हतेच? पुसताना फेलित्सिया शेजारी उभी राहून नवसाबद्दल बोलत होती. किडका देठ वगैरे काही नव्हतं. देठाचं तिला काहीही आठवत नव्हतं.

बोग्नाचा काटा तोंडाशी गेला होता.

"खाली ठेव," तेक्ला म्हणाली.

"आई, मला खरंच खायचंय."

"खाली ठेवा सगळ्यांनी. मी खोटं बोलले. सातवा देठ मी मोडला नाही. तो मी पाहिलाच नाही."

लुत्सियानच्या तोंडात घास होता. तो त्याने रुमालात काढला आणि मग त्या रुमालाचं काय करावं हे त्याला सुचेना. फेलित्सियाने क्रॉसची खूण केली. एवढं सगळं झाल्यावरही बोग्नाने काटा लगेच ठेवला नाही. जिंकलेलं भांडण सोडवत नव्हतं. शेवटी दोरोताने उठून, एकेकाच्या हाताखालून ताटल्या ओढून घेतल्या आणि सगळे तुकडे एका पातेल्यात झाकून ठेवले. साय घातलेली काकडी आणि शेपू भुरभुरलेले बटाटे तसेच राहिले.

मग सगळे एकदम बोलायला लागले. तेक्लाने अर्धा तुकडा खाल्ला होता. रोमेकला तिला ताबडतोब इस्पितळात न्यायचं होतं, लुत्सियान म्हणत होता आधी मिठाचं पाणी पाजा, फेलित्सिया रडत होती. बोग्ना खिडकीशी उभी होती. ती मान न वळवता म्हणाली, की बघ, आता तुलाच कळलं ना, आता तरी तोरूनला चल. त्यात विजयाचा सूर नव्हता, आणि तेच तेक्लाला जास्त लागलं.

"इस्पितळात जायचं तर जाऊ," तेक्ला म्हणाली. "पण ते पहिलं विचारणार, काय खाल्लंत. त्याचं उत्तर जमिनीत आहे. मी वरून कापली, म्हणजे बूड अजून तिथेच असणार. वीस मिनिटांची वाट आहे."

हे सगळ्यांना पटलं. रोमेकने किल्ल्या घेतल्या, बोग्नाने कोट घातला. आणि मग सगळेच थबकले, कारण ह्याचा अर्थ काय हे त्यांच्या लक्षात आलं. ह्या देशात माणसं एकमेकांना आपली दुखणी सांगतात, पापं सांगतात, नवऱ्याची लफडीही सांगतात. अळंबीची जागा सांगत नाहीत. तेक्लाने ती नवऱ्याला सांगितली नव्हती, आणि तो न कळताच वारला. फेलित्सिया तरुणपणी एकदा मागून गेली होती, तेव्हा तेक्लाने तिला तीन तास दलदलीत हिंडवून बुटांशिवाय घरी आणलं होतं.

"दोरोता येईल," तेक्ला म्हणाली.

"ती?" बोग्नाने कोटाचं बटण लावता लावता सोडलं. "मी तुझी मुलगी आहे."

"आहेस. पण आज ह्या घरात एकाच माणसाने बादली उघडली. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसला होतात."

रानात दोघी फारसं बोलल्या नाहीत. दोरोता आपण होऊन डावीकडे आली आणि खांद्याला खांदा लावून चालू लागली. खड्डा आला की 'खड्डा' म्हणायची, फांदी आली की 'फांदी'. एरवी लोक तिला दंडाला धरून पिशवीसारखं नेत. तेक्लाला ह्यात आवडण्यासारखं काही सापडू नये असं वाटत होतं, पण ते सापडलं.

जुनिपरच्या झुडपाशी दोरोता गुडघ्यांवर बसली, बाही खाली ओढून काट्यांत हात घातला आणि माती उकरू लागली. तेक्ला उभी राहिली. पोटात काही दुखतंय का हे ती पाहत होती. दुखत नव्हतं, पण ते दुखायला उद्यापर्यंत वेळ होता. हे आपण पाच जणांना वाढलं होतं. बोग्नाचा काटा तोंडापासून किती लांब होता ते तिला आठवलं आणि तिने झुडपाची फांदी धरली. काटे हातात घुसले तरी सोडली नाही.

"सापडला," दोरोता म्हणाली. "बुडाला गड्डा आहे. पिशवी नाही."

"नीट बघ."

"तुम्हीच बघा." तिने मातीने भरलेला तुकडा तेक्लाच्या तळहातावर ठेवला. तेक्लाने डोळे मिटून तो चाचपला. कोरडा, चिवट, खाली कांद्यासारखा गड्डा. कान्या. सातवीही कान्याच होती. ती सरळ शेवाळावर बसली.

म्हणजे सगळ्यांनी खाल्लं असतं तरी काही झालं नसतं. गप्प बसली असती तर घर तिचं राहिलं असतं, ताटल्या रिकाम्या झाल्या असत्या, आणि बोग्नाचे पडदे मापासकट वाया गेले असते. स्वतःच्या तोंडाने ती ते सगळं घालवून बसली होती, आणि अळंबीबद्दल ती बरोबरच होती. तिला हसावं की रडावं कळेना.

"आई," दोरोता हळू आवाजात म्हणाली, "हात हलवू नका. डावीकडे बघा."

तेक्लाने मान वळवली. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, त्याच झुडपाखाली, एक पूर्ण उमललेली अळंबी उभी होती. हिरवट, रेशमी, डाग नसलेली, बुडाशी फाटलेली पांढरी पिशवी. रानात यापेक्षा देखणं दुसरं काही नव्हतं.

"सकाळीही असणार ही इथे," दोरोता म्हणाली.

"असणारच."

"मग तुम्ही कशी नाही काढलीत?"

"दिसलीच नाही," तेक्ला म्हणाली.

आधी दोरोता हसली, आणि मग तेक्ला. मार्चनंतर पहिल्यांदाच तिला असं पोट धरून हसू आलं. आंधळेपणाने घात केला नव्हता, वाचवलं होतं. मग हसू ओसरलं, कारण हात झुडपाखाली आधी कुठे लागावा हे तिने ठरवलं नव्हतं. तो वीतभर अलीकडे लागला असता, तरी तिने ही तशीच वरून कापली असती, तशीच पुसली असती, आणि टेबलावर तसंच म्हणाली असती, की देठ किडका होता.

"घरी काय सांगायचं?" दोरोताने विचारलं.

देठ कान्याचा निघाला एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं, आणि ते खोटंही नसतं. दोरोता तेवढंच सांगेल का, असं विचारायचा मोह तेक्लाला झाला. तिने विचारलं नाही.

"दोन्ही सांग," ती म्हणाली. "देठाचंही आणि हिचंही. इस्पितळातही जाऊ, रोमेकचं समाधान होईल. आणि बोग्नाला सांग, यापुढे मी रानात एकटी जाणार नाही. पण जाणार ती माझ्या घरातून. तोरूनहून नाही. तिला पटलं नाही तर भांडायला माझ्याकडे येऊ दे."

"ती तुमच्याशी नाही भांडणार. माझ्याशी भांडेल."

"तुला सवय आहे," तेक्ला म्हणाली आणि उठायला हात पुढे केला. दोरोताने तिला उभं केलं. "आणि ही जागा कुणाला सांगायची नाही. रोमेकलाही नाही. मी मेल्यावरही नाही."

डावीकडून काहीच उत्तर आलं नाही. तेक्ला थांबून राहिली. तिला वाटलं, आपण फार मागितलं, ही मुलगी नवऱ्यापासून काही लपवणारी नव्हे.

"मी मान हलवली," दोरोताचा आवाज आला. "तुम्हाला दिसली नसेल. नाही सांगणार."